रानात जाताना



आज सरांनी हजेरी घेतली, तेव्हा एका नावावर सगळेच गप्प बसलो. आठवीत असताना तो सुगीत राखणीला आखाड्यावर गेला आणि भुईवरच झोपला. पहाटे पोट दुखतंय म्हणाला, मग पापण्या मिटू लागल्या. घरच्यांनी मारुतीच्या पारावर नेऊन लिंबाचा पाला चारला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

ही मण्यारच्या विषाची लक्षणं, हे मला फार नंतर कळलं. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावतो. फारसं दुखत नाही, खूणही पटकन दिसत नाही.

आपल्यातले बरेच जण अजून नांदेड-लातूरकडे शेती करतात, म्हणून सांगतो. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री पाणी द्यायला जाताना पायात गमबूट, हातात बॅटरी हवीच. कडब्यात, सोयाबीनच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा.

चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. चावलेला हात-पाय न हलवता तडक सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर लस एकच आहे. मुखेडला डॉ. दिलीप पुंडे वर्षानुवर्षे असे रुग्ण वाचवत आले आहेत.

पुढच्या मेळाव्यात हजेरीला साऱ्यांचा 'हजर' ऐकू यावा, एवढंच मागणं.