आधी आपल्या पैनगंगेचा हिशेब



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे या पाणी परिषदेसाठी हिमायतनगरात मनःपूर्वक स्वागत करतो. या गावाचे जुने नाव वाढोणा. महाशिवरात्रीला श्री परमेश्वराच्या यात्रेला मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून माणसे इथे येतात. आज नदीपलीकडच्या उमरखेडची मंडळीही पाण्याचा विचार करायला आमच्यासोबत बसली आहेत, याचा विशेष आनंद वाटतो.

आपली पैनगंगा बुलढाण्याकडच्या अजिंठा डोंगरात उगम पावते. नांदेड आणि यवतमाळची सीमा आखत ती सहस्रकुंडावर कोसळते, पुढे वर्धेला मिळते. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पावसाळ्यात पळसपूर, डोल्हारी, घारापूरच्या शिवारात याच नदीचा पूर शिरतो, आणि उन्हाळ्यात याच काठावरची माणसे इसापूर धरणातून पात्रात पाणी सोडा म्हणून तहसीलवर जातात. इसापूर भरले की उपयुक्त साठा 964 दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे सुमारे 34 टीएमसी असतो. एवढे पाणी डोक्यावर असूनही काठावरची विहीर आटते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मराठवाड्यात कोकणातले पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याची मागणी आहे, आणि ती रास्तच आहे. राज्यातल्या नद्यांमधून वर्षाला सरासरी 1,63,820 दलघमी पाणी उपलब्ध होते, त्यातले 69,210 दलघमी एकट्या पश्चिमवाहिनी नद्यांचे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ते दिवस आठवणाऱ्याला या मागणीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. पण आपण नकाशा समोर ठेवून उतार पाहावा. वैतरणा-उल्हासचे पाणी नाशिककडे चढवले, तर ते जायकवाडीला येईल, गोदावरीने नांदेड शहराच्या विष्णुपुरीपर्यंतही पोहोचेल. पैनगंगेत मात्र त्यातला थेंबही येणार नाही, कारण आपली नदी गोदावरीला कितीतरी खाली, प्राणहितेच्या वाटेने मिळते. या तालुक्याला जगायचे आहे ते आपल्याच पाणलोटातल्या पाण्यावर.

ते किती आहे? नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस 900 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका हेक्टरवर वर्षाला 90 लाख लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने वर्षाला चार कोटी लिटर पाणी लागते, साडेचार हेक्टरांवर पडणाऱ्या पावसाइतके. यातला बराच पाऊस उडून आणि वाहून जातो, हे मान्य. तरीही ज्या गावाचे शिवार शेकडो हेक्टरांचे आहे, तिथे मे महिन्यात टँकर यावा, याला केवळ पाऊस कारणीभूत नाही. पाटाने भिजवलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. दोन हेक्टर ऊस म्हणजे एका गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. हमखास भाव मिळणारे दुसरे पीक त्याच्यापुढे आहे कुठे? पण हा आकडा ग्रामसभेत कधी मांडलाच जात नाही. बोअर घेताना आपण शेजाऱ्याच्या बोअरची खोली विचारतो, गावाखाली पाणी किती उरले ते विचारत नाही.

हे काम अवघड नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार गाव पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवते. राज्याच्या पोकरा या कृषी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावनिहाय ताळेबंदाची पद्धत तयार करून दिली आहे. आकड्यांचे मोल आपल्या जिल्ह्याला गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याच्या आंतरराज्य वादाने शिकवले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे त्या बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, म्हणजे पाऊसकाळात पाणी अडवताच येत नाही. पाण्याच्या भांडणात शेवटी कागदावरचा हिशेबच टिकतो. इसापूरच्या आवर्तनात नदीपात्राचा वाटा मागायचा असेल, तर काठावरच्या प्रत्येक गावाची गरज आपल्याला लिटरमध्ये सांगता आली पाहिजे. दोन्ही काठांनी ती एकत्र मांडली, तर शासनाला टाळता येणार नाही.

म्हणून स्वागत समितीची परिषदेला एकच विनंती आहे. येत्या ऑक्टोबरात, रब्बीची पेरणी होण्याआधी, दोन्ही काठांवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचावा, असा ठराव आज इथे व्हावा. विहिरींची पातळी मोजायला शाळा-महाविद्यालयांची मुले तयार आहेत. त्यांना शिकवायला भूजल विभागाने माणसे द्यावीत. व्यवस्थेत काही कमी राहिले असेल तर सांभाळून घ्यावे आणि अध्यक्ष महोदयांनी पहिल्या सत्राला सुरुवात करावी, अशी विनंती करतो.