नव्या गणराज्याचे पहिले राष्ट्रपतिपद

(वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, येथे प्रजासत्ताक दिनानिमित्त ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२६ जानेवारी १९५० रोजी सकाळी नवी दिल्ली येथील गव्हर्न्मेंट हाऊसच्या दरबार हॉलमध्ये मावळते गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी भारत हे सार्वभौम लोकशाही गणराज्य झाल्याची घोषणा वाचून दाखविली. त्यानंतर सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी डॉ. राजेंद्रप्रसाद यांना राष्ट्रपतिपदाची शपथ दिली आणि तोफांच्या ३१ फैरी झडल्या. समारंभ थोडक्यात आटोपला. परंतु त्या सकाळी जे पद अस्तित्वात आले, ते कसे चालवावे हे सांगणारा कोणीही पूर्वाधिकारी नव्हता. पूर्वी त्याच वास्तूत राहणारा व्हाइसरॉय हा परकीय सम्राटाचा प्रतिनिधी होता. त्याचे अनुकरण करणे इष्ट नव्हते. नवा कित्ता घालून द्यावयाचा होता, आणि पहिल्याने घातलेला कित्ताच पुढील सर्वांना गिरवावा लागणार होता.

डॉ. राजेंद्रप्रसाद यांचा जन्म ३ डिसेंबर १८८४ रोजी बिहारमधील जिरादेई या खेड्यात झाला. ११ डिसेंबर १९४६ पासून ते घटना समितीचे अध्यक्ष होते. २४ जानेवारी १९५० रोजी त्याच समितीने त्यांची राष्ट्रपती म्हणून अविरोध निवड केली. पुढे १९५२ व १९५७ या दोन्ही निवडणुकांत विजयी होऊन मे १९६२ पर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, त्यांनी हे पद भूषविले. या काळात त्यांच्यापुढे उभे राहिलेले प्रश्न केवळ दिल्लीचे नव्हते. वळसंगसारख्या सीमेलगतच्या गावालाही ते स्पर्श करणारे होते.

सोलापूरचा अनुभव

अनिर्बंध सत्ता म्हणजे काय, हे सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सोलापूर शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. लोकांनी निवडून दिलेल्या कोणाही प्रतिनिधीला ती सत्ता जाब देण्यास बांधील नव्हती.

पुढे १९४८ साली याच जिल्ह्याने नव्या राष्ट्राची दुसरी अडचण जवळून पाहिली. शेजारचे अक्कलकोट संस्थान त्या वर्षी मुंबई प्रांतात विलीन झाले. पलीकडे निजामाचे हैदराबाद मात्र भारतात सामील होण्यास तयार नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गच्या मार्गाने निघाली आणि काही दिवसांतच हैदराबादचा प्रश्न निकालात निघाला. तरीही २६ जानेवारी १९५० रोजी निजाम हेच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. अशा 'ब' वर्ग राज्यांचा कारभार दहा वर्षेपर्यंत राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहावा, अशी तरतूद मूळ घटनेच्या ३७१ व्या कलमात होती. म्हणजे राष्ट्रपतींच्या नावावर कागदोपत्री फार मोठी सत्ता जमा झाली होती. ती प्रत्यक्षात कोणी वापरावयाची, हा पहिला प्रश्न होता.

घटनेतील मौन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना याविषयी शंका ठेवली नव्हती. इंग्लंडच्या राजाचे जे स्थान, तेच भारताच्या राष्ट्रपतीचे; तो राज्याचा प्रमुख आहे, कार्यकारी सत्तेचा नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परंतु प्रत्यक्ष घटनेत हे इतक्या उघड शब्दांत उतरले नाही. ५३ व्या कलमाने केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीकडे सोपविली. ७४ व्या कलमाने त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असावे, असे सांगितले. तो सल्ला राष्ट्रपतींनी मानलाच पाहिजे, हे वाक्य मात्र त्यात नव्हते. राष्ट्रपतींना मार्गदर्शक सूचनांचे परिशिष्ट जोडण्याचा विचार झाला होता. तोही १९४९ मध्ये सोडून देण्यात आला. संसदीय पद्धतीचे संकेत पुरेसे आहेत, अशी त्यामागील धारणा होती.

संकेत हे आचरणाने रुजतात आणि आचरणानेच मोडतात. इंग्लंडमध्ये ते रुजण्यास शतके लागली. भारतात ते रुजविण्याचे काम एका व्यक्तीच्या संयमावर सोपविले गेले होते. ती व्यक्ती स्वतः कायदेपंडित होती, स्वातंत्र्यलढ्यातील ज्येष्ठ नेता होती आणि ठाम मतांची होती. त्यामुळे प्रश्न अधिक बिकट झाला.

हिंदू कोड बिलाची कसोटी

ही कसोटी लवकरच लागली. विधिमंत्री डॉ. आंबेडकर यांनी हिंदू कोड बिलाचा आग्रह धरला होता. विवाह, घटस्फोट, दत्तक व वारसा यांत हिंदू स्त्रीला न्याय्य स्थान देणे हा त्याचा हेतू होता. डॉ. राजेंद्रप्रसाद यांना हे विधेयक मान्य नव्हते. तत्कालीन संसद हंगामी होती, प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. इतका दूरगामी बदल तिने करू नये, असा त्यांचा एक आक्षेप होता. १५ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहिले. या विधेयकाच्या बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर विसंबून न राहता स्वतःच्या विवेकाने वागण्याची इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली.

हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. ज्या संसदेला जनतेने थेट निवडलेले नाही, तिला रोखण्याचा अधिकार राष्ट्रपतीला असावा काय, असा तो प्रश्न होता. नेहरूंनी ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादि कृष्णस्वामी अय्यर यांची मते घेतली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधील आहेत, असेच दोघांनी सांगितले. विधेयक मात्र त्या वेळी मागे पडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. आंबेडकर यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पुढे सार्वत्रिक निवडणूक झाली आणि नवी संसद आली. तेच कायदे आता वेगवेगळ्या विधेयकांच्या रूपाने तिच्यापुढे मांडले गेले. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आणि हिंदू वारसा कायदा १९५६ साली मंजूर झाला. दोन्हींना संमती देणारी सही डॉ. राजेंद्रप्रसाद यांचीच आहे. त्यांनी आपले मत पत्रात नोंदविले होते, पंतप्रधानांशी वाद घातला होता. परंतु निवडून आलेल्या संसदेने निर्णय केल्यावर लेखणी अडवून धरली नाही.

हा वाद त्यांच्या मनातून पूर्णपणे गेला होता, असेही नव्हे. २८ नोव्हेंबर १९६० रोजी इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीची कोनशिला बसविताना राष्ट्रपतींच्या अधिकारांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, असे त्यांनी जाहीरपणे सुचविले. नेहरूंनी राष्ट्रपती हे घटनात्मक प्रमुखच आहेत, ही भूमिका कायम ठेवली. राष्ट्रपतींनी प्रश्न विचारला, पण त्याचे उत्तर स्वतःच्या अधिकारात देऊन टाकले नाही.

सहीमागचे सामर्थ्य

तर मग राष्ट्रपतींची सही ही निव्वळ औपचारिकता होती काय? तसे मानणे चुकीचे ठरेल. १९३७ साली डॉ. आंबेडकर वळसंगला आले होते आणि येथील दलित वस्तीतील विहिरीशी त्या भेटीची आठवण निगडित आहे. त्या काळी सार्वजनिक पाणवठ्यावरून पाणी भरण्याचा साधा हक्कही लाखो लोकांना नव्हता. १९५० च्या घटनेने १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

परंतु संरक्षणाच्या सवलती कोणत्या जातींना मिळावयाच्या, हे ३४१ व्या कलमान्वये राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरावयाचे होते. तो आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. अनुसूचित जमातींचा आदेश त्यानंतर सप्टेंबरमध्ये निघाला. तहसील कचेरीतील जातीच्या दाखल्याचे मूळ या आदेशांत आहे. त्याच आदेशातील एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. अनुसूचित जातींचा दर्जा त्यात मुख्यतः हिंदू धर्मीयांपुरता ठेवला होता. म्हणून १९५६ साली डॉ. आंबेडकर यांच्यासमवेत बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या यादीत स्थान मिळण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. कागदावरचे एक वाक्य किती पिढ्यांना पुरते, याचा हा पुरावा आहे.

वित्त आयोग १९५१ साली राष्ट्रपतींच्या आदेशानेच स्थापन झाला. मागासवर्गांचा पहिला आयोग १९५३ साली काकासाहेब कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली, तर राजभाषा आयोग १९५५ साली बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आला. दोघेही मराठी भाषिक. नव्या राष्ट्रातील अत्यंत नाजूक असे जातीचे व भाषेचे प्रश्न त्यांच्या हाती दिले गेले होते.

राज्यांच्या सीमांचेही तसेच आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडता येत नाही, आणि त्यापूर्वी ते संबंधित विधिमंडळाच्या मतासाठी पाठवावे लागते. १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० चे मुंबई राज्याचे विभाजन या दोन्ही घटना डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याच कारकिर्दीत घडल्या. मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या या भागाला त्या निर्णयांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. लोकांनी आंदोलने केली, प्राण वेचले, मंत्र्यांनी राजीनामे दिले. शेवटी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ते संसदेच्या कायद्याने आणि राष्ट्रपतींच्या संमतीने.

इतरत्र काय घडले

या पदाचे महत्त्व शेजाऱ्याकडे पाहिल्यावर अधिक कळते. पाकिस्तानची घटना २३ मार्च १९५६ रोजी अमलात आली आणि इस्कंदर मिर्झा पहिले अध्यक्ष झाले. अडीच वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९५८ रोजी, त्यांनी स्वतःच ती घटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनाही लष्करप्रमुखांनी पदावरून दूर केले. आफ्रिकेत घाना १९६० साली प्रजासत्ताक झाला. तेथील पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा १९६४ साली तहहयात अध्यक्ष झाले आणि १९६६ साली लष्करी उठावात पदच्युत झाले. याच्या उलट अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन मुदती पूर्ण करून १७९७ साली स्वेच्छेने पद सोडले.

डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीही १३ मे १९६२ रोजी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्याकडे पद सोपविले. ३४० दालनांच्या राष्ट्रपती भवनातून ते पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहावयास गेले. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी पाटण्यास त्यांचे निधन झाले.

जे संकेताने चालले होते, ते पुढे अक्षरांत आले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो सल्ला एकवार फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा दिली. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र मान्य करावा लागतो. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशाच्या व १९९८ साली बिहारच्या बाबतीत या तरतुदीचा उपयोग केला. मतभेद नोंदवावा, पुन्हा विचार करण्यास सांगावे, परंतु अंतिम निर्णय जनतेला उत्तरदायी असणाऱ्यांचा असावा, ही पहिल्या कारकिर्दीत पडलेली वाटच पुढे कायद्यात आली.

गावाच्या कारभारासाठी

पहिले राष्ट्रपती निवृत्त होण्यापूर्वी बाराच दिवस, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि आरक्षणामुळे अनेक गावांत प्रथमच स्त्री सरपंच झाली, प्रथमच दलित सरपंच झाला. सरपंच हा केवळ नामधारी प्रमुख नसतो. त्याला प्रत्यक्ष कारभार करावा लागतो. म्हणून राष्ट्रपतिपदाशी त्याची तंतोतंत तुलना होणार नाही. तथापि पदावर प्रथम बसणाऱ्याची अडचण दोघांचीही सारखीच असते. मागे वळून पाहावे तर कित्ता नसतो, आणि आपण जे करू तोच पुढे प्रघात पडतो.

यातून घेण्याजोगे दोन धडे आहेत. ठराव मान्य नसेल तर विरोध तोंडी न ठेवता इतिवृत्तात लिहवून घ्यावा. मात्र रीतसर मंजूर झालेला ठराव अडवून धरू नये. आणि यादीत नाव घालणे वा गाळणे, दाखल्यावर सही करणे ही कामे किरकोळ समजू नयेत. शाळेच्या दाखल्यातील एक चुकीची नोंद मुलाला कित्येक वर्षे कचेऱ्यांचे हेलपाटे घालावयास लावते, हे शिक्षकांना व ग्रामसेवकांना पूर्ण ठाऊक आहे.

राष्ट्रपतींच्या शपथेत घटनेचे जतन, संरक्षण व प्रतिरक्षण करण्याचे आणि जनतेच्या सेवेला वाहून घेण्याचे वचन आहे. दिल्लीत ती शपथ घेतली जाते. ती पाळली जाते की नाही, हे गावच्या पाणवठ्यावर, ग्रामसभेत आणि शाळेच्या हजेरीपटावर दिसते. वळसंगच्या ग्रामसभेत सर्वांत शेवटच्या घरातील माणसाला बोलावयास अवसर मिळाला आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात उतरले, तर १९५० साली घालून दिलेल्या कित्त्यावर गावानेही आपली एक ओळ लिहिली, असे म्हणता येईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!