संकेतस्थळाची निगा व तिचा मोबदला



संकेतस्थळ एकदा उभारले की काम संपले, असा समज अनेक संस्थांत आढळतो. परंतु वास्तू बांधून झाली तरी झाडलोट व पहारा चुकत नाही. वर्डप्रेससारखी प्रणाली अद्ययावत ठेवणे, माहितीची सुरक्षित प्रत घेणे आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते ना, हे तपासणे ही कामे नियमित करावी लागतात. ती चोख झाली तर कोणाला दिसत नाहीत; म्हणूनच त्यांचे मोल देताना हात आखडतो.

मोबदला ठरविताना दोन खाती वेगळी ठेवावीत. डोमेनचे नूतनीकरण व सर्व्हरचे भाडे हा संस्थेचा खर्च होय. उरते ती श्रमाची किंमत. समजा, महिन्याला चार तास लागतात व तासाला ६०० रुपये ठरले, तर दरमहा २,४०० रुपये द्यावेत. नव्या पानांचा हिशेब निराळा असावा. काही बिघडले नाही त्या महिन्यातही ही रक्कम द्यावी. न बिघडणे हेच त्या श्रमाचे फळ आहे. डोमेनची नोंदणी मात्र संस्थेच्याच नावे असावी.

सेवाभावाने कोणी हे काम करीत असेल, तर त्याचा गौरव अवश्य व्हावा. परंतु विनामूल्य कामाचा जाब विचारता येत नाही. योग्य मोबदल्यात श्रमाचा सन्मान आहे आणि संस्थेचे हितही.