भूक लागते ती कोणाच्या हुकमानं?



आज आपण भुकेविषयी बोलू. अंजनगाव सुर्जीत हे बोलणं आम्हांला फार गरजेचं वाटतं. इथल्या बाया भल्या पहाटे उठतात. कोणी पानमळ्यात जातात, कोणी पानपिंपरीच्या कामाला, कोणी कपाशीच्या वेचणीला. निघताना पोटात काय असतं? कपभर गोड चहा. दुपारी कधीतरी भाकर. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. मग संध्याकाळी गोड, तळलेलं खावंसं वाटलं, तर घरची माणसं म्हणतात, 'हिचा जिभेवर ताबा नाही.' हे बोलणं बरोबर नाही.

आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. त्यांतून रस निघतात आणि रक्तात मिसळतात. त्यांना हार्मोन म्हणतात. पूर्वी कोतवाल जसा दवंडी देत गावभर फिरायचा, तसे हे रस निरोप घेऊन अंगभर फिरतात. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन निघतं. ते मेंदूला सांगतं, 'खायला घाला.' दुसरं इन्सुलिन. ते स्वादुपिंडातून येतं आणि रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवतं.

गोड चहा घेतला, की रक्तातली साखर लवकर चढते. इन्सुलिन धावून येतं, साखर उतरते, अन् थोड्याच वेळात पुन्हा भूक. उपासाच्या साबुदाण्याचंही तेच. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, आंबाडीची भाजी सावकाश पचते. उपास सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण उपासाला शेंगदाणे, दही, एखादं फळ घ्यावं. रोज कामावर निघण्याआधी रात्रीची भाकर ताकात कुस्करून खाल्ली, तरी पुष्कळ झालं.

हा प्रश्न एकट्या बाईचा नाही. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आहार तपासायला सुरुवात केली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो. इंग्लंडातल्या साउदम्पटनची बाळं सुमारे ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण वजनाच्या मानानं अंगात चरबी जास्त, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त! अशा बाळांना पुढं मधुमेहाचा धोका अधिक. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध वारंवार होतं, त्यांची बाळं वजनानं भरली. पालेभाजी काही महाग वस्तू नाही. पावसाळ्यात तरोटा तर बांधावर फुकट मिळतो. घोळ, चिवळही आपल्या ओळखीचीच.

तेव्हा घरात कोणी गरोदर असेल, तर तिचं ताट आधी वाढा. सासूबाईंनी हे मनावर घेतलं, तर दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

कोणाला फार तहान लागत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, जखम लवकर भरत नसेल, तर सरकारी दवाखान्यात रक्तातली साखर तपासून घ्या. साखरेची गोळी चालू असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.