मूल हवेच, पण आईचा श्वास आधी



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय निवडला, कारण मूल होत नाही म्हटले की आपल्याकडे बोल बाईलाच लागतो आणि उपचाराचा त्रासही ती मुकाट्याने सोसते.

१९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज हे उपचार तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. त्यात इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे वाढवितात. ती पक्व व्हावीत म्हणून शेवटी बहुधा 'एचसीजी'चे इंजेक्शन असते. काहींच्या शरीराला हे मानवत नाही. अंडाशय फुगतात, रक्तवाहिन्या झिरपतात आणि रक्तातील पाणी पोटात उतरते. बहुतेकींचा त्रास सौम्य असतो. क्वचित मात्र हे पाणी फुप्फुसाभोवती साचते, बहुधा उजव्या बाजूला. कधी कधी तर पोट न फुगताही. रक्त दाट होऊन गाठ धरते. ती फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते.

तरुण स्त्रिया, पीसीओएस असलेल्या आणि पूर्वी असा त्रास झालेल्या यांना धोका अधिक. त्रास इंजेक्शननंतर आठवडाभरात सुरू होतो, किंवा गर्भ राहिल्यावर उशिरानेही. पोट तट्ट होणे, वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, छातीत कळ येणे, पोटरी सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर 'अशक्तपणा असेल' म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि कोणती इंजेक्शने झाली ते कागद दाखवून सांगा. डॉक्टर न्यूमोनिया समजून बसले, तर मोलाचा वेळ जातो. वेळेवर कळले तर पाणी सुईने काढता येते, गाठ रोखणारी औषधेही आहेत. उपचारापूर्वीच विचारा: मात्रा कमी करता येईल का? शेवटचे इंजेक्शन बदलता येईल का? गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात ठेवता येईल का? असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

गरजेपोटी स्त्रीबीज देणाऱ्या भगिनींनाही हाच धोका असतो. २०२१ च्या कायद्याने दात्रीचे वय २३ ते ३५ ठरविले आहे. आयुष्यात एकदाच दान, सातांहून अधिक बीजे काढायची नाहीत, आणि तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा, असे बंधन आहे. सही करण्याआधी विम्याचा कागद हाती घ्या.

विद्यार्थी मित्रहो, घरी आई-बहिणीला एवढे वाचून दाखवा. मुलाची आस मोठी खरी. पण ज्या मुलासाठी हा खटाटोप, त्याला आई हवी.