उद्या येशील ना?



मी मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. गेले सात महिने दिल्लीत मुनिरकेत राहते. त्याआधी अकरा महिने केनियात होते. नैरोबीच्या कडेच्या एका वस्तीत मुलांची शाळा आहे, तिथे मी स्वयंसेवक म्हणून काम केलं. आणि येत्या जूनमध्ये मी आमच्या चर्चच्या मिशनसेवेत जाणार आहे. म्हणजे सध्या मी दोन कामांच्या मध्ये आहे. आज मला या मधल्या काळाबद्दलच बोलायचं आहे.

घरच्यांना हा काळ रिकामा वाटतो. नातेवाईक फोनवर विचारतात, "मग, सध्या काय चाललंय?" आणि 'सध्या' या शब्दावर जरा जोर असतो. एक काम संपलं, दुसरं ठरलेलं आहे, मग मध्ये थांबलीस कशाला, असा त्याचा अर्थ.

ज्यांनी मुनिरका पाहिलेली नाही त्यांना सांगते. हे दक्षिण दिल्लीतलं जुनं गाव. टोकस आडनावाच्या जाट कुटुंबांचं. दिल्ली चहूबाजूंनी वाढत गेली आणि गाव मधोमध राहिलं. शेती गेली, घरांवर मजले चढले, मजल्यांवर भाडेकरू आले. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. एका अंगाला जेएनयू, पलीकडे आयआयटी, जवळच बेर सरायची पुस्तकांची दुकानं. माझ्या जिन्यात मणिपूरच्या दोघी आहेत, बिहारचे तिघं आहेत, केरळची एक नर्स आहे. कुणी यूपीएससीच्या निकालाची वाट बघतंय, कुणी व्हिसाची, कुणी पीएचडीच्या तोंडी परीक्षेची. इथे जवळजवळ प्रत्येक जण कशाच्या तरी मध्ये आहे. त्यामुळे इथे मला कुणी 'सध्या' विचारत नाही.

आता नैरोबीबद्दल. त्या शाळेत पहिल्याच दिवशी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलानं मला विचारलं, "तू कधी जाणार?" नाव विचारायच्या आधी हे विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. आपल्याकडे पाहुण्याला "परतीचं तिकीट कधीचं आहे?" म्हणतात ना, तितक्या सहज विचारलं. तिथे दर तीन महिन्यांनी नवा स्वयंसेवक यायचा. नवी गाणी, नवे खेळ, शेवटच्या दिवशी फोटो आणि रडारड. मुलं सगळ्यांवर प्रेम करायची आणि कुणावर विसंबून राहायची नाहीत. मी अकरा महिने राहिले, म्हणून त्यातल्या त्यात लांबची पाहुणी. पण पाहुणीच.

तो प्रश्न घेऊन मी परत आले. आणि इथे मुनिरकेत, जेएनयूत शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं मला एक पुस्तक दिलं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं 'माझ्या आठवणी व अनुभव'.

शिंदे आपल्याला अस्पृश्यतेविरुद्ध लढलेले समाजसुधारक म्हणून माहीत असतात. पण ते पेशानं मिशनरी होते. ख्रिस्ती नव्हे, प्रार्थना समाजाचे. १८७३ साली जमखंडीत, वारकरी घरात जन्म. १८९८ मध्ये फर्ग्युसनमधून बी.ए. झाले, मग मुंबईत वकिलीचा अभ्यास करता करता तो सोडून धर्मकार्याकडे वळले. १९०१ मध्ये युनिटेरियन लोकांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. दोन वर्षं धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. १९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय धर्मपरिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला, आणि ऑक्टोबरात मुंबईला येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून रुजू झाले.

इथपर्यंत गोष्ट अगदी सरळ आहे. परदेशात गेले, शिकले, आले, कामाला लागले. पण ज्या कामासाठी आज आपण त्यांना ओळखतो, ती 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' ही संस्था सुरू झाली १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत परळला, एका शाळेपासून. म्हणजे बरोबर तीन वर्षांनी. सेवेत रुजू होण्याची तारीख एक, आणि काम सापडण्याची तारीख दुसरी.

या तीन वर्षांत ते काय करत होते? उपासना चालवत होते, तरुणांना जमवत होते, टपालानं धर्मविषयक लेखन पाठवत होते, आणि खूप फिरत होते. अस्पृश्य मानलेल्या जातींची माहिती गोळा करत होते. १९०५ मध्ये ते नगरला आले असताना भिंगारच्या अस्पृश्य मंडळींनी त्यांना आपल्या शाळेच्या सभेला बोलावलं. रात्रीची सभा. तिथे त्यांनी जे पाहिलं आणि ऐकलं, त्यातून त्यांचा निश्चय पक्का झाला.

भिंगार आमच्या नगरला लागूनच आहे. मी तिथून शेकडो वेळा गेले असेन. ही गोष्ट कळायला मात्र मला मुनिरकेत यावं लागलं.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, भिंगारच्या लोकांची शाळा आधीपासून होती. शिंदे यायच्या आधी ते लोक स्वतःसाठी काहीतरी करत होते. दुसरी, त्यांनी शिंद्यांना बोलावलं. ऑक्सफर्डला शिंदे स्वतःच्या निर्णयानं गेले, पण भिंगारला आमंत्रणावरून गेले. सेवेला जाणाऱ्या माणसानं स्वतःला विचारावा असा पहिला प्रश्न मला तिथे सापडला: मला बोलावलंय कुणी?

दुसरा प्रश्न मला पंडिता रमाबाईंकडून मिळाला. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या, त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लंडनमध्ये फुलमला, समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी सिस्टर्सनी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं, आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पण तिथून त्या थेट पुण्याला येऊन कामाला लागल्या नाहीत. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. जवळजवळ तीन वर्षं गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली. त्या लोकांनी शाळेचा खर्च दहा वर्षं उचलण्याची हमी घेतली. मग ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं.

दहा वर्षं! एखादी बालविधवा घर सोडून तुमच्या दारात आली, तर दोन वर्षांनी तिला "आमचा प्रकल्प संपला" असं सांगता येत नाही. तिच्या परतीच्या वाटा बंद झालेल्या असतात. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या. तिथून एक आयुष्य उभं राहायला किती वर्षं लागली असतील, याचा हिशेब रमाबाईंनी आधी मांडला होता. म्हणून माझा दुसरा प्रश्न: किती वर्षं?

आता तुमच्या मनात एक गोष्ट आली असणार. मिशनरी म्हटलं की धर्मांतर आठवतं. रमाबाईंनाही ते चुकलं नाही. सदन पुण्याला आल्यानंतर, १८९३ मध्ये, तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जात आहेत यावरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या नगरला मिशनचं काम १८३१ पासून आहे. माझ्या आजीची शाळा, तिची नोकरी, सगळं त्या कामातून आलं. म्हणून मी त्या वादाकडे परक्यासारखं बघू शकत नाही. पण एक मी स्वतःपुरतं ठरवलं आहे. आजारी मूल आणि माझी प्रार्थना यांच्यात सौदा होता कामा नये. औषध मिळण्यासाठी कुणाला माझ्या देवाचं नाव घ्यावं लागलं, तर ती सेवा राहत नाही. मला कुणी विचारलं, "तू हे का करतेस?" तर मी येशूचं नाव घेईन, लपवणार नाही. पण आधी त्यांनी विचारायला हवं.

तिसरी गोष्ट छोटी आहे. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, तेव्हा त्यांचं नाव देशभर झालेलं होतं. गोखल्यांनी त्यांना काय सांगितलं? वर्षभर देश फिरा, बघा, जाहीर मतं देऊ नका. पुढच्याच महिन्यात गोखले गेले, पण गांधीजींनी तो शब्द पाळला. आणि गोखल्यांनी स्वतः १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं उमेदवारीची ठेवली होती. शिकायचं आणि फिरायचं. देशसेवेची इच्छा असणं एक, आणि त्यासाठी तयार होणं दुसरं, हे त्यांना नीट माहीत होतं.

हे सगळं वाचताना मी नुसती खोलीत बसलेली नव्हते. पोटासाठी भाषांतरं करते. आणि आठवड्यातले दोन दिवस एम्सला जाते. तुमच्यापैकी जे तिथे गेले असतील त्यांना माहीत आहे, बाहेर फुटपाथवर माणसं अंथरूण टाकून राहतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली. त्यात मराठी माणसंही असतात. कुठल्या खिडकीवर जायचं, कागदावर काय लिहिलंय, पुढची तारीख कधीची, हे समजावून सांगायला मी जाते. एवढंच काम.

तिथे यवतमाळकडच्या एक मावशी भेटल्या. नवऱ्याला घेऊन आलेल्या. हिंदी समजायची, पण डॉक्टरांसमोर तोंडातून निघायची नाही. मी त्यांच्याबरोबर आत गेले, डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगितलं, तपासण्यांची यादी क्रमानं लिहून दिली. निघताना त्यांनी आभार मानले नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, उद्या येशीन ना वं?"

तो माझा यायचा दिवस नव्हता. मी "येईन" म्हणाले. मग त्यांचं तिथलं काम संपेपर्यंत सोळा दिवस रोज गेले.

नैरोबीचा मुलगा विचारत होता, "तू कधी जाणार?" मावशी विचारत होत्या, "उद्या येशील ना?" प्रश्न एकच आहे. ज्याला मदत हवी असते तो आपलं मन किती मोठं आहे हे मोजत बसत नाही. त्याला फक्त उद्याचं हवं असतं.

तर या सात महिन्यांत मी मिशनला एक पत्र लिहिलं. त्यांनी मला दोन वर्षांसाठी, मध्य भारतातल्या एका छोट्या दवाखान्यात, गोंडी बोलणाऱ्या भागात पाठवायचं ठरवलं होतं. मी तीन गोष्टी मागितल्या. दोनऐवजी पाच वर्षं द्या. पहिले सहा महिने माझ्याकडे कुठलीही जबाबदारी नको, फक्त भाषा शिकू द्या. आणि वर्षातून एकदा तिथल्या बायकांनी बसून ठरवावं, की ही मुलगी आम्हाला हवी की नको. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर अजून बोलणं चालू आहे. मी ती सोडणार नाही.

भाषेला सुरुवात मात्र झाली आहे. माझ्या वरच्या मजल्यावर गडचिरोलीचा एक गोंड विद्यार्थी राहतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी तो मला शिकवतो. गडचिरोलीत मराठी आणि गोंडी शेजारी नांदतात, म्हणून मला वाटलं होतं सोपी जाईल. पण गोंडी द्राविडी कुळातली आहे, तेलुगू-कन्नडची बहीण. व्याकरण ओळखीचं नाही. तो हसतो आणि म्हणतो, "ताई, आमची आजी तुला लहान मूल समजेल." मी म्हणते, तेच बरं.

आईचा प्रश्न वेगळा आहे. ती म्हणते, "पाच वर्षांनी तू एकतीसची होशील. मग लग्नाचं काय?" पप्पा काही म्हणत नाहीत, पण फोन ठेवताना "जपून" एवढंच म्हणतात आणि लगेच ठेवत नाहीत. आईला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की तुलाही माझ्याबद्दल तोच प्रश्न पडलाय जो सगळ्यांना पडतो, मुलगी परत कधी येणार. त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिकडे थंडी असते का? स्वेटर कुठलं नेशील?"

तुमच्यापैकी अनेक जण अशाच कुठल्या तरी मध्ये असाल. एक काम सोडलंय, दुसरं सुरू व्हायचंय. घरचे 'सध्या' विचारत असतील. मला एवढंच सांगायचंय, की हा काळ लवकर संपवायची घाई करू नका. कुठे जायचं हे ठरलं असलं तरी कुणी बोलावलंय ते तपासा. किती वर्षं देणार ते आकड्यात लिहा. जिथे जायचंय तिथली भाषा आजपासून शिका. आणि तोवर आपल्या गल्लीत, आपल्या दवाखान्यात, आपल्याच भाषेत ज्याला कुणाला तुमची गरज आहे, त्याच्याकडे जा. एकदा नव्हे. दुसऱ्या दिवशीही.