प्रोसेसर आणि त्याची बैठक

खेळांसाठीं घेतलेला संगणक मंदावला कीं घरांतील तरुण मंडळी नव्या प्रोसेसरचा हट्ट धरतात. तो ज्या मदरबोर्डवर बसावयाचा, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. आणि पैसा बुडतो तो बहुधा तेथेंच.

सॉकेट जुळलें म्हणजे काम झालें, असें नाहीं. इंटेलचे २०१७ सालचे आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्याच ११५१ सॉकेटांत बसत. तथापि जुने बोर्ड त्यांना चालत नसत. नवा बोर्ड घेणें भागच पडलें! उलट एएमडीचा एएम४ बोर्ड ज्यानें त्याच वर्षीं घेतला, त्याला २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर, बायोस अद्ययावत् करून, बहुधा त्याच बोर्डावर बसवितां आला. त्याची ९६ मेगाबाइटांची एल३ कॅश खेळांना फार मानवते. रॅमही जुनीच चालली.

एएम५ बोर्डाला मात्र डीडीआर५ रॅमच लागते. डीडीआर४ ची पट्टी तींत शिरतच नाहीं. तेव्हां रॅमची किंमत आधींच हिशेबांत धरावी. शिवाय पडदा ४के असल्यास मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. तेथें महागड्या प्रोसेसरचा लाभ थोडाच.

खरेदीपूर्वीं बोर्डाच्या निर्मात्याची प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि तींत दिलेली बायोसची आवृत्तिही. बायोस जुनें असल्यास नवा प्रोसेसर यंत्र सुरूच करीत नाहीं. कांहीं बोर्डांवर यासाठीं निराळें बटण असतें. पेनड्राइव्ह लावून तें दाबलें, कीं प्रोसेसरावांचूनही बायोस बदलतां येतें.